मुका मार : मागून बसणारी धडक आणि मोटार विम्याचा इतिहास

१/
मराठीत 'मुका मार' असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, पण आत दुखापत झालेली असते. मोटारीलाही असा मार बसतो. मागून येणारे वाहन टेकते, बंपरवर जेमतेम ओरखडा उमटतो आणि महिनाभराने डिकीत पावसाचे पाणी साचू लागते. हा मार कोणी पाहायचा, कोणी मोजायचा आणि त्याची भरपाई कोणी करायची, या तीन प्रश्नांचा भारतातील इतिहास या धाग्यात मांडला आहे.

२/
सुरुवात भंडारा जिल्ह्यातील लाखनीपासून करू. नागपूरहून पूर्वेकडे निघालेला जुना 'ग्रेट ईस्टर्न रोड' वैनगंगा ओलांडून भंडारा, लाखनी, साकोली, देवरी असा रायपूरकडे जातो. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि २०१० च्या नव्या क्रमवारीनंतर ५३. लाखनीला रेल्वे नाही. गावाचा सारा व्यवहार या रस्त्यावरच चालतो. धानाचे ट्रक, छत्तीसगडकडची अवजड वाहतूक, एस. टी. बस, ट्रॅक्टर आणि 'एमएच ३६' क्रमांकाच्या घरगुती मोटारी, सारे एकाच प्रवाहात. वेगाचा महामार्ग आणि थांबण्याची बाजारपेठ जिथे एकत्र येतात, तिथे पुढचे वाहन अचानक मंदावते आणि मागच्याला ते उशिरा कळते.

३/
हिशेब साधा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढा रस्ता मागे गेलेला असतो. ब्रेक लागण्याची क्रिया त्यानंतर सुरू होते. म्हणूनच १९८९ च्या रस्ता नियमांतील २३ व्या नियमाने मागच्या चालकावर स्पष्ट जबाबदारी टाकली : पुढचे वाहन एकाएकी मंदावले किंवा थांबले तरी टक्कर होणार नाही, इतके अंतर राखावे. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमावलीने घेतली.

४/
२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रकमागून जाणाऱ्या एका मोटारीच्या अपघातात याच नियमाचा आधार घेतला आणि पुरेसे अंतर न राखणाऱ्या मागच्या चालकाला जबाबदार धरले. याचा अर्थ मागचा नेहमीच दोषी असतो असा नाही. रात्री दिवे न लावता रस्त्यात उभा केलेला ट्रक असेल, तर दोषाची वाटणी बदलते. तरीही चालत्या रांगेत मागून बसलेल्या धडकेत दोष ठरवणे तुलनेने सोपे असते. मग निर्दोष मालकाच्या खिशातूनच पैसे का जातात? याचे उत्तर शोधायला १९३० च्या दशकात जावे लागते.

५/
ब्रिटनने १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या इजेसाठी विमा सक्तीचा केला. भारतात १९३६-३७ मध्ये मोटार विम्याच्या प्रश्नावर समिती बसली. अध्यक्षांच्या नावावरून ती 'रॉटन समिती' म्हणून ओळखली जाते. तिने सक्तीच्या विम्याची शिफारस केली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्यासाठी आठवे प्रकरण घातले गेले. पण महायुद्ध आडवे आले आणि ते प्रकरण १ जुलै १९४६ रोजी अमलात आले. तेव्हा लाखनी मध्यप्रांत-वऱ्हाडात होती.

६/
त्या सक्तीचा विषय एकच होता : माणसाचा मृत्यू किंवा शारीरिक इजा. दुसऱ्याच्या मोटारीचा चुराडा झाला तरी तो सक्तीच्या विम्याच्या कक्षेत येत नव्हता. त्या काळी हे योग्यच होते. मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती आणि तिच्याखाली सापडणारा बहुधा पादचारी, सायकलस्वार किंवा बैलगाडीवाला असे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे निर्माण केली, तीही याच माणसाला दिवाणी न्यायालयाच्या लांबलचक वाटेपासून वाचवण्यासाठी. कायद्याची करुणा देहासाठी होती. पत्र्याचा विचार नंतर झाला.

७/
पत्र्याची पाळी १९६९ च्या दुरुस्तीने आली. त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान सक्तीच्या विम्यात घेतले गेले, पण मर्यादा होती २,००० रुपये. १९८२ मध्ये ती ६,००० झाली. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, तेव्हाही आकडा ६,००० च राहिला. मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या किमती वाढत गेल्या, कायद्यातली किमान रक्कम मात्र गोठली. प्रत्यक्ष पॉलिसीत ही मर्यादा खूप मोठी असू शकते. २००२ च्या दरपत्रकाने खासगी मोटारीसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंतची तरतूद केली. तरीही आडाखा जुनाच राहिला : गाडीचे नुकसान ज्याचे त्याने आपल्या विम्यातून भरून घ्यावे.

८/
हा आडाखा पक्का करणारी आणखी एक प्रथा विमा व्यवसायात रुजली. तिचे नाव 'नॉक फॉर नॉक'. दोन विमेदार मोटारींची टक्कर झाली की दोन्ही कंपन्यांनी आपापल्या ग्राहकाचे नुकसान भरायचे आणि दोष कोणाचा या वादात एकमेकींकडे पैसे मागायचे नाहीत, असा हा करार. ब्रिटनमधून आलेली ही कल्पना कंपन्यांचा वेळ आणि वकिलांचा खर्च वाचवते. ग्राहकालाही पैसे लवकर मिळू शकतात. पण या सोयीत एक गोष्ट विरघळून जाते : कोण चुकले, हा प्रश्नच मागे पडतो.

९/
१ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले. १०७ विमा संस्था चार कंपन्यांत विलीन झाल्या : कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. त्यांतली न्यू इंडिया ही सर दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली. आता धडक देणारा आणि धडक खाणारा, दोघांचाही विमा सरकारच्याच मालकीच्या कंपन्यांकडे असणार होता. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्यासाठी भांडण्याचे कारणच उरले नाही. 'आपली गाडी, आपला विमा' ही सवय या काळात घट्ट झाली.

१०/
आता मोजणाऱ्याकडे वळू. विमा व्यवसायातला सर्व्हेअर मुळात बंदरावरचा; जहाजाची आणि भिजलेल्या मालाची पाहणी करणारा. भारतात १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ च्या दुरुस्तीने '६४ यूएम' हे कलम आले. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक नुकसानीचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय मंजूर करता येणार नाही, असे त्याने ठरवले. मोटारींसाठी ही मर्यादा पुढे ५०,००० रुपये झाली. कंपनी आणि ग्राहक यांच्यामध्ये एक जाणता तिसरा डोळा असावा, हा हेतू. पण कोणताही डोळा आधी वरचा थर पाहतो. अडचण इथेच सुरू झाली.

११/
कारण दरम्यान मोटारच बदलली होती. अ‍ॅम्बेसेडर आणि कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी यांचे बंपर पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेले. धडक बसली की बंपर वाकायचा, पत्रा चेपायचा आणि सारे काही रस्त्यावरच दिसायचे. डेन्टरने ठोकून सरळ केले, रंग मारला, की काम झाले. पाहणी आणि मोजणी यांत फारसे अंतर नव्हते. विम्याची कागदपत्रे आणि रस्त्यावर मिटवण्याची रीत, दोन्ही या उघड दिसणाऱ्या नुकसानीवर बेतलेली होती.

१२/
युरोपात मात्र बेला बारेनी या अभियंत्याने वेगळा विचार मांडला होता. गाडीचा मधला पिंजरा कडक असावा आणि पुढची-मागची टोके मुद्दाम चुरगळणारी असावीत, म्हणजे धडकेचा जोर प्रवाशांपर्यंत पोचण्याआधी लोखंडातच जिरेल. १९५९ मध्ये मर्सिडीजने असे शरीर असलेली मोटार बाजारात आणली. १९७२ च्या रेनो ५ ने प्लास्टिकचे बंपर आणले. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हलक्या, एकसंध सांगाड्याच्या मोटारींचे युग सुरू झाले. गाडी माणसासाठी अधिक सुरक्षित होत गेली, आणि तिची जखम अधिक लपत गेली.

१३/
आजचा बंपर म्हणजे बाहेरून दिसणारे प्लास्टिकचे कव्हर. ते दबते आणि बरेचदा उसळून पुन्हा मूळ आकारात येते. त्याच्या आत जोर शोषणारा फोम, त्यामागे धातूची आडवी दांडी, ती दांडी जिथे जोडलेली असते ते सांगाड्याचे दांडे, डिकीचा तळ, वायरिंग, पार्किंग सेन्सर, सायलेन्सरचे आधार आणि सीएनजी गाडीत टाकीचे पट्टे. वरचे कव्हर शाबूत आणि आतली दांडी वाकलेली, हे सहज घडते. धडकेने गाडी पुढच्या वाहनावर ढकलली गेली असेल, तर रेडिएटर आणि त्याचे आधारही तपासावे लागतात.

१४/
या मुक्या माराची लक्षणे नंतर उमटतात. डिकी एका बाजूला घासते. दाराच्या फटी असमान दिसतात. पावसात मागच्या गालिचाखाली ओल येते. टायर एकाच कडेने झिजतो, गाडी एका बाजूला ओढते, मागचा एखादा दिवा अधूनमधून विझतो. भंडारा जिल्ह्याच्या पावसाळ्यात रंग उडालेल्या सांध्याला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. माणसाचेही तसेच. मागून बसलेल्या हिसक्याने मान दुखावते, पण वेदना अनेकदा दुसऱ्या दिवशी जाणवते. म्हणून 'कोणाला काही झाले नाही' हे वाक्य रस्त्यावर घाईने उच्चारण्यात अर्थ नसतो.

१५/
मोटार बदलली, मोजपट्टी कशी होती? १ जुलै २००२ च्या मोटार दरपत्रकात घसाऱ्याचा तक्ता आहे. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के कपात, गाडी नवी असली तरी. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर वयानुसार : पहिल्या सहा महिन्यांत शून्य, मग ५, १०, १५, २५, ३५ आणि पाच वर्षांनंतर ४० टक्के, दहा वर्षांनंतर ५०. मार झेलण्यासाठी जो भाग मुद्दाम प्लास्टिकचा केला, त्याचीच भरपाई निम्मी. शास्त्राने माणूस वाचवला, तक्त्याने त्याची किंमत मालकाकडून घेतली.

१६/
उदाहरणादाखल एक हिशेब, कर बाजूला ठेवून. गाडी साडेचार वर्षांची, बिल ५०,००० रुपये : धातूचे भाग २०,०००, प्लास्टिकचे १२,०००, मजुरी ८,०००, रंगकाम १०,०००. धातूवर ३५ टक्के कपात, मिळतील १३,०००. प्लास्टिकचे ६,०००. मजुरी पूर्ण. रंगकामात एक चतुर्थांश रक्कम साहित्याची धरून तिच्यावर ५० टक्के कपात, मिळतील ८,७५०. एकूण ३५,७५०, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,०००. हाती ३४,७५०. जो थांबला होता, ज्याची काही चूक नव्हती, त्याच्या खिशातून १५,२५० रुपये गेले.

१७/
नुकसान इथेच संपत नाही. दावा न केलेल्या वर्षांसाठी हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे 'नो क्लेम बोनस', २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते. आपल्या विम्यातून दावा केला की ती जाते. चूक दुसऱ्याची असली तरी. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे विमा दर खुले झाले आणि त्यानंतरच्या काळात घसारा न कापणारी 'झिरो डेप' जोड आणि बोनस राखणारी जोड बाजारात आली. म्हणजे तक्त्यातील उणीव भरून निघाली, पण जास्त हप्ता भरणाऱ्यापुरती.

१८/
लपलेल्या नुकसानीला नियमांत जागा आहे का? आहे. २००२ च्या विमेदार-संरक्षण नियमांनी सूचना मिळाल्यापासून ७२ तासांत सर्व्हेअर नेमणे बंधनकारक केले आणि विमेदाराने मागितल्यास अहवालाची प्रत देण्याची तरतूद केली. पुढच्या नियमावल्यांत या मुदती बदलत गेल्या. गाडी खोलल्यावर नवे नुकसान दिसले की गॅरेज 'सप्लिमेंटरी इस्टिमेट' देते आणि सर्व्हेअर पुन्हा पाहणी करतो, ही रीत रूढ आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनाच्या एका दाव्यात सांगितले की सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नसतो. सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात विमा नियामकाने कंपन्यांना बजावले की केवळ उशिराच्या कारणाने खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये.

१९/
या इतिहासातून मालकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट रस्त्यावरची. धाब्यासमोर पाच-सहा हजारांत 'इथेच मिटवू' म्हणणारा माणूस पोलादी बंपरच्या काळातला व्यवहार करत असतो; आत काय मोडले हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते. 'तक्रार नाही' असे लिहून देण्याआधी छायाचित्रे घ्यावीत : दोन्ही गाड्या, क्रमांक, रस्त्यावरच्या खुणा, जवळचा किलोमीटर दगड. मोटार वाहन कायद्याप्रमाणे अपघातात सापडलेल्या चालकाने थांबून नाव-पत्ता द्यावा लागतो आणि विमा कंपनीला लेखी कळवावे लागते. समोरचा विमा दाखवत नसेल तर कलम १६० नुसार ठराविक शुल्क भरून पोलीस ठाणे किंवा आरटीओकडून ती माहिती मिळवता येते.

२०/
दुसरी गोष्ट गॅरेजमधली. सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलू नये. खोलली की नुकसान याच धडकेचे हे सिद्ध करणे अवघड होते. पहिल्या इस्टिमेटवरच 'आतील भाग खोलल्यानंतर दिसणारे नुकसान वेगळे' अशी ओळ लिहून घ्यावी. बंपरचे कव्हर सर्व्हेअरसमोर काढावे, दांडी, डिकीचा तळ आणि सांगाड्याची मापे दाखवावीत. नवे काही सापडले तर काम थांबवून कंपनीला लेखी कळवावे आणि दुसऱ्या पाहणीनंतरच पुढे जावे. बदललेले जुने भाग पुनर्पाहणीपर्यंत जपावेत. 'पूर्ण आणि अंतिम' समाधानाच्या कागदावर सही, गाडी चालवून पाहिल्यानंतर.

२१/
तिसरी गोष्ट हक्काची, आणि ती फार थोडे वापरतात. आपल्या विम्यातून न मिळालेली रक्कम, म्हणजे घसारा आणि वजावट, धडक देणाऱ्याकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून न्यायाधिकरणात मागता येते. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मात्र मिळत नाहीत. अशा दाव्याला १९९४ च्या दुरुस्तीनंतर मुदत नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. स्वतःच्या कंपनीशी वाद असेल तर १९९८ पासून विमा लोकपालाची सोय आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदाराला राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिल्याने लाखनीच्या माणसाला भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे.

२२/
१९३९ च्या कायद्याने देहाला आधी जागा दिली, हे त्याचे मोठेपण. १९६९ ने पत्र्याला जागा दिली, पण दोन हजारांची. मोटार मऊ झाली, माणसे वाचू लागली, आणि त्या मऊपणाचा भुर्दंड तक्त्यातून मालकावर आला. या साऱ्या प्रवासात सर्वांत अशक्त राहिला तो पुरावा. मुका मार बोलत नाही. त्याच्या वतीने छायाचित्र, लेखी सूचना आणि गाडी खोलतानाची पाहणी बोलते. लाखनीच्या रस्त्यावर ज्याची गाडी पुढे उभी होती, त्याच्या निर्दोषपणाला कागदाचा आधार मिळाला, तरच तो हिशेबात धरला जातो.